विषय : ईमेलमधल्या लिंक न उघडणे आणि न सुटलेली तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद करणे

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी तुमच्या प्रतिनिधीने फोन ठेवला आणि पाठोपाठ तुमचा ईमेल आला : ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? येथे क्लिक करा.’ क्लिक केलं. उघडलं नाही. ईमेलमधली लिंक उघडत नाही, हीच माझी तक्रार आहे.

माझं साताऱ्यात करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. ३१ जुलै तोंडावर आलाय. क्लायंट फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट ड्राइव्हच्या लिंकने पाठवतात. त्यावर क्लिक केलं की तुमचा ईमेलचा प्रोग्रॅम चौकट दाखवतो : या कॉम्प्युटरवर निर्बंध आहेत, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरला विचारा. मागे तुमच्या माणसाने रिमोटवर येऊन प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. त्यात मी बनवलेली सही आणि फोल्डरचे नियम गेले. चौकट मात्र शाबूत राहिली.

आजचा संवाद तुमच्याकडे असणारच. ‘प्रशिक्षणासाठी कॉल रेकॉर्ड होतो’ असं दर वेळी ऐकवता. तरी लिहितो, कारण प्रशिक्षण झाल्याचं दिसत नाही.

‘सर, स्क्रीनवर लिहिलंय तसं ॲडमिनिस्ट्रेटरशी बोलून घ्या.’

‘असा कोणी नाही. ऑफिसात मी आणि एक असिस्टंट. कॉम्प्युटर माझा, पासवर्ड माझा.’

‘म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर तुम्हीच?’

‘हो.’

‘मग तुम्ही लावलेले निर्बंध तुम्हीच काढा ना, सर.’

‘मी लावलेच नाहीत.’

‘ते ॲडमिनिस्ट्रेटरलाच माहीत असणार.’

मग बराच वेळ सनई. परत आल्यावर म्हणे, ‘वरिष्ठांशी बोललो. ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी असल्याचा मेल पाठवा, मग तिकीट पुढे जाईल.’ म्हणजे मी मला परवानगी द्यायची आणि तसं तुम्हाला कळवायचं! बरं, पाठवतो म्हटलं. तर, ‘तोवर लिंक कॉपी करून ब्राउझरमध्ये पेस्ट करा. उघडते ना? मग प्रॉब्लेम सॉल्व्ह.’ फोन बंद. तक्रारही बंद.

कॉपी-पेस्ट मला येतं. पण लिंक ‘डॉक्युमेंट पाहा’ असल्या बटणाखाली असते. राइट क्लिक करा, पत्ता उचला, दुसरी खिडकी उघडा, डकवा. रिटर्नच्या सीझनमध्ये हे दिवसभर करायचं, तर वार्षिक शुल्क कशाचं? फुकटचं मेल ब्राउझरमध्ये चालतं आणि तिथल्या लिंक मुकाट्याने उघडतात.

आता तुमच्याच प्रोग्रॅमबद्दल तुम्हाला सांगतो. संध्याकाळी गल्लीतल्या कॉम्प्युटर दुकानातला पोरगा आला. त्याने एकच विचारलं, ‘काका, हल्ली एखादा ब्राउझर काढून टाकलात का?’ टाकला होता. विंडोजच्या डिफॉल्ट ॲप्समध्ये नवा ब्राउझर व्यवस्थित लागलेला होता. पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, ‘.एचटीएमएल’ या वेबपानाच्या फायलीची नोंद अजून जुन्याच्या नावावर, सातबाऱ्यावर मयताचं नाव राहतं तशी. तुमचा प्रोग्रॅम लिंक विंडोजच्या हवाली करण्याआधी ती नोंद बघतो, तिथला ब्राउझर सापडत नाही आणि ‘निर्बंध’ म्हणून ओरडतो. पोराने रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवली, नोंदीत ‘एचटीएमएलफाइल’ टाकलं, प्रोग्रॅम बंद करून उघडला. लिंक उघडली. दोनशे रुपये घेतले, जे मला फार कमी वाटले.

निर्बंध नव्हताच. कधीच नव्हता. तुमची चौकट खोटं बोलते आणि तुमची माणसं त्या चौकटीवर विश्वास ठेवतात. ब्राउझर बदलणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. हे कारण तुमच्या कॉल सेंटरच्या कागदावर पहिल्या ओळीत हवं होतं. तिथे काय आहे? ‘ॲडमिनिस्ट्रेटरला विचारा.’

इतकी वर्षं मी क्लायंटना तुमचंच नाव सुचवत आलो. यापुढे तोंड उघडणार नाही. उघडलंच तर वेगळ्या कारणासाठी.

तिकिटावरचा ‘सोडवली’ हा शेरा काढा, चौकटीतला मजकूर दुरुस्त करा आणि यंदाचं शुल्क परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो तिथेच तक्रार करता येते आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ‘हा व्यावसायिक वापर आहे, हे ग्राहकच नाहीत’ असं तुमचे वकील म्हणतील. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. कलम २(७) त्यांना आधीच वाचायला द्या.

उत्तर लेखीच द्या. फोन नको.

एक ग्राहक,
सातारा

सोबत :
१. बिलाची प्रत
२. चौकटीचा स्क्रीनशॉट
३. मी मला दिलेलं परवानगीपत्र, सही-शिक्क्यासह