जांभळ्या टोपणाच्या नळ्या आणि रसवंतीचा बर्फ

ताई,

प्रबंध गेल्या आठवड्यात जमा झाला. आभाराच्या पानावर नाव टाकू का विचारलं, तर "आमचं काय जी, रक्तच तर काढलं" म्हणून तुम्ही उडवून लावलंत. म्हणून हे पत्र, नाव न घेता पण चारचौघांत.

तुम्ही नुसतं रक्त काढलं नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एप्रिलमधल्या पहिल्या बावीस नमुन्यांचं आठवतं ना? रात्रपाळी करणाऱ्यांच्या रक्तातलं एसीटीएच मोजायचं होतं. मेंदूच्या बुडाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी ताण आला की हे संप्रेरक सोडते आणि ते मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल तयार करायला लावतं. सकाळी एसीटीएच भरपूर असतं, मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी. भरपूर म्हणजे तरी किती, तर निरोगी माणसात सकाळी एका मिलिलिटरमागे साधारण 10 ते 60 पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. आणि आमच्या बावीसांपैकी सतरा जणांचे आकडे मोजणीच्या किटला मोजताही येणार नाहीत इतके खाली आले. किट खराब आहे, असंच प्रयोगशाळेत ठरलं. कंपनीला तक्रारीचं पत्रही लिहून तयार होतं.

तुम्ही एवढंच विचारलंत, "नळ्या कुठं ठेवल्या होत्या?" टेबलावर, मी म्हटलं. मग डिकीतून प्रयोगशाळेत. "मग किट कशाला खराब राहीन? रक्त शिजवून आणलं तुम्ही."

मी पुस्तकात वाचलेलं होतं, बरं का. एसीटीएच ही 39 अमिनो आम्लांची छोटी साखळी, आणि रक्तातलीच विकरं (एन्झाइम्स) तिचे तुकडे करत सुटतात. आमच्या किटची पद्धत एलायझा, त्यात दोन प्रतिपिंडं (अँटीबॉडी) असतात, एक साखळीचं एक टोक धरतं, दुसरं दुसरं टोक. दोन्ही टोकं एकाच साखळीत सापडली तरच रंग येतो. तुटलेली साखळी यंत्राच्या लेखी नसल्यासारखीच. पण वाचणं वेगळं आणि नागपूरच्या उन्हात सकाळी आठला थंड नळी हातात असणं वेगळं.

मग बर्फ. वॉर्डातला फ्रीज औषधांनी भरलेला, प्रयोगशाळेतलं बर्फाचं यंत्र बंद. दुसऱ्या फेरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही पावणेआठला लसीचा जुना थर्मोकोलचा डबा घेऊन आलात, आत रसवंतीवाल्याकडून लादी फोडून आणलेला बर्फ, वर तांब्याभर पाणी. पाणी कशाला, तर नुसत्या खड्यांत नळीला सगळीकडून गारवा लागत नाही. जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळ्या आधीच त्यात बुडवून ठेवलेल्या, प्लास्टिकच्याच, कारण काचेला हे संप्रेरक चिकटून बसतं. रक्त भरलं की नळी पाळण्यासारखी आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, झटकायची नाही. पेशी फुटून प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव) गुलाबी दिसला की तुम्ही तो नमुना बाजूला काढायचात. मला एक-दोनदा रडू आलं, वाया गेला म्हणून. तुम्हाला नाही.

सुईचं तर मी कधी विसरणार नाही. टोचण्याच्या भीतीनंच हे संप्रेरक वाढतं. म्हणजे मोजायला जावं तर मोजणाराच आकडा बिघडवतो. तुम्ही शिरेत कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, लावून अर्धा तास थांबायचात आणि त्या वेळात रात्रीच्या ड्युटीवरून आलेल्या चौकीदार भाऊंशी त्यांच्या गावच्या संत्र्यांना यंदा भाव काय मिळाला यावर बोलत बसायचात. त्यांना कळायचंही नाही रक्त कधी निघालं ते. हे कुठल्या कार्यपद्धतीत लिहू मी? "सहभागी व्यक्तीला 30 मिनिटे विश्रांती दिली" असं लिहिलंय. खोटं नाही, पण...

नळ्या गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा करणारा सेंट्रीफ्यूज 4 अंशांवर यायला मे महिन्यात फार वेळ घेतो, तो आधी सुरू करून ठेवायला तुम्हीच शिकवलंत. प्लाझ्मा अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून उणे 80 वर, म्हणजे प्रत्येक नळी एकदाच वितळवायची. दुसऱ्या फेरीत एकही आकडा तळाला गेला नाही. एकच नमुना किटच्या दोन खोबण्यांत लावला, तर दोन्हींचे आकडेही एकमेकांशी जुळले. तक्रारीचं पत्र मी फाडलं.

मौखिक परीक्षेच्या तयारीत रोझलिन यॅलो यांच्याबद्दल वाचत होते. रक्तातली इतकी सूक्ष्म संप्रेरकं मोजायची वाट त्यांनी आणि सॉलोमन बर्सन यांनी काढली. बर्सन 1972 मध्ये गेले, 1977 मध्ये अर्धं नोबेल या जोडीपैकी एकट्या यॅलो यांना मिळालं (उरलेलं अर्धं दुसऱ्या दोघांना, वेगळ्या कामासाठी). पण त्याआधीच त्यांनी प्रयोगशाळेला बर्सन यांचं नाव देऊन घेतलं होतं, म्हणजे तिथून निघणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधावर ते छापलं जाईल. मला तुमची आठवण आली. माझ्याकडे नाव द्यायला प्रयोगशाळा नाही, फ्रीजरमधला एक कप्पा आहे. त्यावर "ताईंचे नमुने" अशी चिठ्ठी लावलीय. एवढी तरी राहू द्या.

आणि हो, तो लसीचा डबा अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणून देते. या खेपेला बर्फ नसेल, संत्रा बर्फी असेल.

तुमची,
दर वेळी नळी जोरात झटकणारी मुलगी