जजच्या हातात टॉर्च कशाला?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत खुनाच्या खटल्यात जजच अडकतो अशा कादंबऱ्या आणि वेबसिरीजवर जो पानभर लेख आला तो वाचला, मग परत वाचला, आणि शेवटी न राहवून मोबाईलवरच टाईप करायला बसलोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी कोर्टात ३१ वर्षं स्टेनो होतो. साहेब सांगणार आणि मी उतरवणार, एवढंच काम, पण डायसच्या (जजच्या उंच चौथऱ्याच्या) खाली बसून खुनाचे खटले इतके ऐकलेत की आता घरात टीव्हीवर कोणी "ऑर्डर ऑर्डर" म्हटलं की बायको माझ्याकडे बघून आधीच आवाज कमी करते.

सुरुवात चित्रापासून करतो. लेखाच्या डोक्यावर लाकडी हातोडा छापलाय. साहेब, एवढ्या वर्षांत मी आपल्याकडच्या एकाही कोर्टात हातोडा बघितला नाही. गोंगाट झाला की जज चष्म्याच्या वरून नुसतं बघतात, आणि त्यानेही नाही भागलं तर दारातला शिपाई ओरडतो. डायसवर असतं काय तर फायलींचा गठ्ठा, पाण्याचा ग्लास, आता कॉम्प्युटर. पण हातोडा सोडा, ते किरकोळ आहे. माझं भांडण त्या टॉर्चशी आहे.

म्हणजे असं की लेखात ज्या ज्या गोष्टींचं कौतुक केलंय त्या सगळ्यात जजसाहेब रात्री टॉर्च घेऊन खून झालेल्या घरात शिरतात, साक्षीदाराला हॉटेलात गाठतात, पोलिसांना न सापडलेला पुरावा खिशात घालून आणतात आणि सकाळी परत डायसवर जाऊन बसतात. लेखकाचं म्हणणं की खरा थरार इथेच आहे. माझं म्हणणं इथे थरार संपला, कारण इथून पुढे तो जज राहिलाच नाही, इन्स्पेक्टर झाला, आणि इन्स्पेक्टरच्या गोष्टी आपल्याकडे पोत्याने आहेत.

जजला घटनास्थळी जाता येत नाही असं नाही हां. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३१० होतं, (१ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले आणि सगळे नंबर बदलले, आमच्यासारख्यांचं आयुष्यभराचं पाठांतर एका रात्रीत फुकट गेलं, असो), त्यात स्पष्ट आहे की जज जागा बघू शकतात पण दोन्ही बाजूंना आधी कळवून, आणि जे बघितलं त्याचं टिपण लगेच फायलीला लावायचं. म्हणजे गेलात तर दिवसाढवळ्या, सरकारी वकील एका बाजूला, आरोपीचे वकील दुसऱ्या बाजूला आणि मागे वही घेऊन माझ्यासारखा एखादा घामाघूम झालेला माणूस. तसंच पुरावा कायद्याचं जुनं १६५ कलम. जज कुठल्याही साक्षीदाराला, कधीही, कसलाही प्रश्न विचारू शकतात, एवढा अधिकार तिथे कुठल्या वकिलालाही नाही, पण निकाल मात्र रीतसर शाबीत झालेल्या गोष्टींवरच द्यायचा. हे एका हाताने देणं आणि दुसऱ्या हाताने बांधणं, यातच सगळी गंमत आहे आणि नेमकी हीच कोणी लिहित नाही.

आणि जज खुनाच्या प्रकरणात खरंच ओढला गेला तर काय, हेही १८७२ च्या त्या पुरावा कायद्यातच बसलंय बघा. कलम १२१ खाली एक उदाहरण दिलंय की सेशन जजसमोर खटला चालू असतानाच आरोपीने पोलीस अधिकाऱ्याचा खून करायचा प्रयत्न केला, तर काय घडलं ते सांगायला त्या जजला साक्षीदार म्हणून तपासता येईल. संपलं. दोन ओळीत अख्खी कादंबरी! काल वर बसलेला माणूस आज खाली पिंजऱ्यात उभा, आणि त्याची उलटतपासणी घेणारा वकील कदाचित तोच ज्याला काल त्याने झापलं होतं. याच्यावर कोणी लिहिलं तर मी पहिली प्रत विकत घेईन.

नानावटी केस लोकांना तोंडपाठ आहे. २७ एप्रिल १९५९, मुंबई, नेव्हीचा कमांडर, बायकोचा मित्र प्रेम आहुजा, तीन गोळ्या, आणि तो टॉवेल जो आहुजाच्या अंगावरून सुटला नव्हता. पण त्यातला जज कोणाला आठवतो? ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, बाहेर लोक जल्लोष करतायत, पेपर कमांडरच्या बाजूने, आणि सेशन जज रतिलाल मेहता म्हणाले की मला हा निकाल मान्य नाही, आणि प्रकरण हायकोर्टाकडे पाठवून दिलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली, १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. इथवर मेहता साहेब हिरो. पण त्याच हायकोर्टाने हेही दाखवून दिलं की ज्युरीला कायदा समजावून सांगताना मेहता साहेबांच्याही चुका झाल्या होत्या. म्हणजे ज्या माणसाने चुकीचा निकाल अडवला त्याच्याच समजावण्यातल्या चुका निकालपत्रात कायमच्या छापल्या गेल्या. मला हा माणूस त्या कमांडरपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो, मत ज्याचं त्याचं.

आता मूळ मुद्दा. लेखात असं म्हटलंय की हा प्रकार मराठीत रुजलाच नाही, आपल्याकडे तशी परंपरा नाही. वाचून चहा नाकात गेला. अहो मी सातारचा आहे. माझ्या घरापासून माहुली जवळच, कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर, तिथे लोक शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी बघायला येतात, फोटो काढतात आणि भेळ खाऊन जातात. त्याच माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. सावकाराच्या घरचा शागिर्द, वय वाढल्यावर काशीला जाऊन शिकला आणि १७५९ साली पेशव्यांचा न्यायाधीश झाला. आणि जजच्या गळ्यात पडलेली खुनाची केस म्हणाल तर त्याच्या केससारखी केस मला तरी दुसरी माहीत नाही.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. नारायणराव पेशवा जेमतेम १८ वर्षांचा, काका राघोबादादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत, गारदी पगार थकला म्हणून भडकलेले. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ साहेबाने लिहिलंय की त्या दिवशी सकाळी नारायणराव रघूजी आंग्र्यांना भेटायला गेला होता, काहीतरी शिजतंय अशी कुणकुण लागली होती, येताना त्याने सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताचं सांगितलं, आणि हरिपंत आधी जेवायला गेले. जेवायला! मी जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा तिथे थांबतो. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, सुमेरसिंग, काकांच्या कमरेला घातलेली मिठी, अंगावर आडवा पडलेला चापाजी टिळेकर.

पण खून झाल्यावर काय, हे कोण सांगतं? खून झाल्यावर राघोबादादा स्वतः पेशवा होणार. म्हणजे रामशास्त्र्यांची स्थिती बघा. मेलेला मालक, संशयित आहे तो नवा मालक, पगार त्याच्याच हातून, ज्या वाड्यात चौकशी करायची तो वाडा त्याचा, दारावर उभे गारदी तेच ज्यांनी तलवारी चालवल्या. आणि हा माणूस सुमारे दीड महिना चौकशी करत राहिला. त्या दीड महिन्यात त्याला कोण कोण भेटलं असेल, कोणी रात्री येऊन बोललं असेल, कोण बोलायचं कबूल करून सकाळी फिरलं असेल (आमच्या भाषेत फितूर), घरी बायको काय म्हणाली असेल, यावर एक ओळ कुठे लिहिलेली मला सापडली नाही. तुमच्या कादंबरीकारांना हा दीड महिना पुरेल की नाही सांगा. पन्नासच्या आसपास माणसं त्यात गुंतलेली निघाली म्हणतात, आणि सगळ्यात वर दादासाहेब. मग तो गेला थेट त्यांच्यासमोर. दादांचं म्हणणं मी फक्त धरायचा हुकूम दिला होता. हुकूमाचा कागद बघितला तर "धरावे" चं "मारावे" झालेलं. प्रायश्चित्त काय विचारल्यावर शास्त्रीबुवांनी सांगितलं, देहान्त. आणि या राज्यात काम करणार नाही म्हणून पुणं सोडून वाईजवळ गावात जाऊन राहिले, बारभाईंच्या (राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या) हातात कारभार आल्यावर परत आले.

आता इथे कोणी इतिहासवाला मला पकडेल म्हणून आधीच सांगतो, ध चा मा ही गोष्ट मुख्यतः ग्रँट डफच्या १८२६ च्या पुस्तकामुळे पसरली, तो सातारच्याच दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट (प्रतिनिधी) होता, आणि योगायोग असा की रामशास्त्री वारले १७८९ ला आणि हा साहेब जन्मला १७८९ लाच, म्हणजे त्याचं सगळं ऐकीव. तो कागद आज आपल्यासमोर नाही. आनंदीबाईंनी अक्षर बदललं हा तर तेव्हाचा लोकसमज, कोर्टात मी तो टाईपसुद्धा केला नसता, साहेबांनी "ऐकीव, वगळा" म्हटलं असतं. पण स्टेनो म्हणून सांगतो, एका अक्षरावर माणूस जातो हे मला पटतं. एकदा जबाब टाईप करताना माझ्याकडून "दिसला नाही" मधलं "नाही" राहिलं होतं, साक्षीदाराला वाचून दाखवताना तो ताडकन उठला म्हणून वाचलो, साहेबांनी दुरुस्तीवर सही केली आणि मला काही बोलले नाहीत, न बोलण्याचंच जास्त लागलं.

तुम्ही म्हणाल की रामशास्त्र्यांनीही स्वतःच तपास केला ना, मग टॉर्चवाल्या जजने काय घोडं मारलं? बरोबर आहे, हा प्रश्न मलाही पडला. तेव्हा पोलीस वेगळे, मॅजिस्ट्रेट वेगळा, सेशन वेगळं असं काही नव्हतंच. पण तो माणूस जे सापडलं ते घेऊन आरोपीच्या तोंडावर गेला, आणि आपल्याला हे आता पुढे नेता येत नाही म्हटल्यावर खुर्ची सोडली. टॉर्चवाले साहेब सगळं लपवून खुर्चीवरच बसतात.

आणि खुर्चीची किंमत आजही कमी नाहीये. धनबादचे जज उत्तम आनंद २८ जुलै २०२१ ला पहाटे चालायला गेले आणि रिकाम्या रस्त्यावर रिक्षाने वळून येऊन त्यांना उडवलं, सीसीटीव्हीत सगळं दिसलं, सीबीआयने तपास केला, साधारण वर्षभराने दोघांना जन्मठेप झाली. तो व्हिडिओ आमच्या ऑफिसात सगळ्यांनी एकदाच बघितला. दुसऱ्यांदा कोणी लावला नाही.

शेवटचं एक सांगतो, गाव आणि नाव सांगणार नाही. आमच्याकडे एक साहेब होते, खुनाचा खटला चालू, १४ साक्षीदार झालेले, आरोपी पोरगा दोन वर्षं आत. बदलून आलेले जज लोक लग्नाच्या पत्रिका घेतात पण लग्नाला जात नाहीत, भाजी शिपायाकडून आणतात, हे तुम्हाला माहीत असेल. पण दूधवाला घरी येतोच. तो एका सकाळी दूध मापता मापता त्या पोराबद्दल एक वाक्य बोलून गेला, चांगलं की वाईट ते साहेबांनी कधी सांगितलं नाही. त्या दिवशी ११ वाजता साहेब डायसवर आले, दोन्ही वकिलांना उभं केलं, म्हणाले या खटल्याबद्दल माझ्या कानावर काहीतरी पडलंय जे पुराव्यात नाही आणि ते मला विसरता येत नाहीये, आणि मला प्रधान जिल्हा न्यायाधीशांना पत्र सांगायला लागले, की हा खटला दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करावा. सरकारी वकील हसले. खरंच हसले, एवढ्यासाठी? मलाही तेव्हा ते जास्तच वाटलं. खटला दुसरीकडे गेला, जुने जबाब चालले पण नवीन साहेबांनी दोन साक्षीदार परत बोलावले, त्यात बोर्ड (रोजच्या खटल्यांची यादी) भरलेला, तारखांवर तारखा, पोरगा आणखी आठ महिने आत राहिला.

त्याची आई मला ऑफिसच्या खिडकीशी गाठून विचारायची, भाऊ, पहिले साहेब चांगले होते, आमचं काय चुकलं म्हणून ते गेले? मी तिला दूधवाल्याचं सांगू शकत नव्हतो. पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यायचो.

पत्र मोठं झालं, कापायचं तर नानावटी कापा, रामशास्त्री ठेवा. आणि पुढच्या वेळी तेवढा हातोडा काढून टाका.

आपला,
एक निवृत्त कोर्ट स्टेनो, सातारा