तारीख नको, आधी दहा वर्षांचे पैसे कबूल करा

संपादक महोदय,

माणूस परत चंद्रावर उतरणार, मग मंगळावर जाणार अशा बातम्या पेपरात येतात आणि मी त्या आवडीने वाचतो, पण त्यात तारीख असते, यानाचं चित्र असतं, आणि पैसे किती वर्षांसाठी मंजूर झालेत ते कुठेच नसतं. माझ्या मते खरी बातमी तीच आहे.

अमेरिकेचं अपोलो-१७ हे चांद्रयान डिसेंबर १९७२ मधे परत आलं, त्यानंतर एकही माणूस चंद्रावर उतरलेला नाही. आणि हे काय टेक्नॉलॉजी कमी पडली म्हणून झालं नाही, १८, १९, २० या मोहिमा ठरलेल्या होत्या, १९७० मधे पैसे कापले आणि त्या रद्द झाल्या. अपोलोला चंद्राकडे नेणारी सॅटर्न ५ ही आणखी रॉकेट्स बनवायची नाहीत हे तर आर्मस्ट्राँग उतरायच्या आधीच, १९६८ ला ठरलं होतं! एक रॉकेट स्कायलॅब हे अमेरिकेचं पहिलं अंतराळ स्थानक वर न्यायला वापरलं, उरलेले भाग आज म्युझियममधे आडवे ठेवलेत. स्कायलॅबचंही तेच, शेवटचे लोक फेब्रुवारी १९७४ ला खाली आले, शटल हे पुन्हा पुन्हा वापरता येणारं यान जाऊन त्याला वरच्या कक्षेत ढकलेल असा प्लॅन होता, पण स्कायलॅब पडलं जुलै १९७९ ला आणि शटल पहिल्यांदा उडालं एप्रिल १९८१ ला. मग २००४ मधे माणूस परत चंद्रावर न्यायचा कॉन्स्टेलेशन हा कार्यक्रम जाहीर केला, त्यावर सुमारे ९ अब्ज डॉलर खर्च झाल्यावर २०१० मधे तो बंद करायचं ठरलं. २०११ मधे शटल थांबलं तेव्हा हातात दुसरं यान नव्हतं, म्हणून २०२० पर्यंत रशियाच्या सोयुझ यानामधे सीट विकत घेऊन अंतराळवीर पाठवावे लागले.

पैसे थांबले की माणसं पांगतात आणि त्यांच्या हातातलं ज्ञान पण जातं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सॅटर्नच्या एफ-१ इंजिनाची ड्रॉइंग्ज जपून ठेवली होती, पण वेल्डिंग करणाऱ्यांनी प्रत्येक इंजिनात जागेवर जे बदल केले ते कागदावर कुठे पूर्ण आलेच नाहीत, त्यामुळे नासाच्या तरुण इंजिनियर्सना जुनं ठेवलेलं इंजिन खोलून ते समजून घ्यावं लागलं आणि २०१३ मधे त्याचा फक्त एक भाग परत पेटवून बघितला. याच्या उलट आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवर लघवी आणि घामाचं पाणी परत प्यायला वापरतात, ते मशीन अनेक वर्षं सतत चालवून, बिघडवून, दुरुस्त करून २०२३ मधे ९८ टक्के पाणी परत मिळायला लागलं. मंगळावर जायचं तर हेच लागणार आणि ते मधे पाच वर्षं काम बंद ठेवून कधीच झालं नसतं.

हे स्टेशनसुद्धा थोडक्यात वाचलंय. जून १९९३ मधे अमेरिकेच्या प्रतिनिधी सभागृहात ते रद्द करायचा प्रस्ताव २१६ विरुद्ध २१५ असा एका मताने पडला. नंतर रशियापण आला, युरोप, जपान, कॅनडा सगळे करारात बांधले गेले, मग कुणा एकाला सहज हात झटकता येईना, आणि नोव्हेंबर २००० पासून तिथे सतत माणसं आहेत. चीनने १९९२ मधे तीन टप्प्यांचा कार्यक्रम मंजूर केला, २००३ ला पहिला माणूस वर गेला, २०२२ ला स्वतःचं स्टेशन उभं राहिलं, तीस वर्षं तोच कार्यक्रम. तिथे निवडणुका नाहीत हे मान्य, पण लोकशाहीतही अनेक वर्षांचा निधी कायद्याने बांधता येतो, आंतरराष्ट्रीय करार करता येतात, आणि ते करायला लावणं हे आपलं मतदारांचं काम आहे.

आधी गरिबी हटवा मग अवकाश बघू, असं म्हणणाऱ्यांची कळकळ खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. पण १९६६ मधे नासाला अमेरिकन सरकारच्या खर्चातला साधारण साडेचार टक्के वाटा मिळायचा, आता अर्धा टक्काही मिळत नाही. आणि पैशाची खरी नासाडी होते ती अर्ध्यात सोडलेल्या कामात. पूर्ण करायची तयारी नसेल तर सुरूच करू नका, ते तरी प्रामाणिक होईल.

म्हणून तुम्हाला विनंती आहे की यापुढे कुठल्याही देशाच्या चंद्र-मंगळ मोहिमेची बातमी द्याल तेव्हा तारखेच्या शेजारीच एक ओळ छापा, किती वर्षांचे पैसे मंजूर आहेत आणि पुढच्या सरकारला ते सहज थांबवता येतील का.

आपला,
एक नियमित वाचक