हौसिंगचं ऑइल जातं कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कसारा घाटातल्या कोंडीबद्दल एका वाचकाचं पत्र आपण गेल्या आठवड्यात छापलं. पंधरा वर्षांवरचे ट्रक सरसकट भंगारात काढा, असं त्यांचं म्हणणं. घाटात तीन तास अडकलेला माणूस दुसरं काय म्हणणार? पण माझा ट्रक २००७ सालचा आहे आणि यंदा तो घाटात दगा देता देता वाचला. त्यात त्याच्या वयाचा दोष फारसा नव्हता, म्हणून लिहिते.

ट्रक मी चालवत नाही. यजमान गेल्यापासून हिशेबाची वही तेवढी माझ्याकडे आहे. पिंपळगावहून कांदा भरून वाशीला जायचं, येताना मिळेल तो माल, नाहीतर रिकामं. दिवाळीनंतर ड्रायव्हर म्हणायला लागला, "ताई, चाळीसच्या स्पीडला गाडी मागून डुलते आणि हौसिंग गातंय." हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधलं लोखंडी घर, ज्यात एक्सल आणि गेअर तेलात असतात. ज्या गॅरेजला गाडी नेली, तिथल्या मिस्त्रीने चक्कर मारूनसुद्धा पाहिली नाही. आवाज मागून येतो म्हणजे क्राऊन-पिनियन (हौसिंगमधली मुख्य दोन गेअरांची जोडी) गेलं, असं म्हणून हौसिंग उतरवलं, जोडी नवी टाकली. बिल ४२ हजार. जुनी जोडी मी मागून घेतली नाही, ही माझी चूक. गाडी बाहेर आली तर डुलणं तसंच, घरघर तशीच. वर अॅक्सिलरेटर सोडला की एक नवीनच बारीक शिट्टी.

मग नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पान्याला हात लावला नाही. रिकाम्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले आणि आडगावहून ओझरपर्यंत जाऊन आले. मीही होते. ओढ दे, सोड, आता न्यूट्रल कर, असं चाललं होतं. शिट्टी ओढ सोडल्यावरच यायची, न्यूट्रल केलं की जायची. पण घरघर ओढीला, सोडीला, न्यूट्रलला तशीच, फक्त स्पीडबरोबर कमीजास्त. चाचा म्हणाले, जो आवाज ओढीसोडीने बदलतो तो क्राऊन-पिनियनचा किंवा त्यांच्या बेअरिंगचा. नुसत्या वळणावर वाजलं तर आतल्या छोट्या गेअरांकडे बघायचं. गेअर पडताना 'ठक्' झालं तर आधी गेअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याच्या जॉइंटचे क्रॉस. आणि ओढ असो-नसो जे चाकाबरोबर घरघरतं, ते चाकापाशीच शोधायचं.

परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "ताई, हौसिंगमध्ये ऑइल किती टाकता?" मी वही उघडली. दोन महिन्यांत तीनदा, दर वेळी दोन लिटर. "मग जातं कुठे?" हा प्रश्न मला स्वतःला पडायला हवा होता. सहा लिटर ऑइल माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

डावं मागचं चाक जॅकवर उचललं, खाली आधाराची घोडी लावली. आधी विटेवर खडू धरून चाक फिरवलं. रीम सरळ निघाली. मग टायरखाली पहार घालून उचकलं, तर अख्खं चाक 'खट्' करून हललं. उजवं तसूभरही हललं नाही. ट्रकचं मागचं वजन हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, असतं; एक्सलचा दांडा फक्त ताकद पोचवतो. त्यामुळे एक्सल बाहेर ओढला तरी हब जागेवर राहतो. चाचांनी तो ओढला आणि मला म्हणाले, आता फिरवा. डिफ्रेन्शलचा, म्हणजे हौसिंगमधल्या गेअरांचा, संबंधच तुटलेला, तरी जात्यात खडा आल्यासारखी घरघर हाताला लागत होती. हबचं बेअरिंग गेलं होतं. त्या हेलकाव्याने सीलही गेलं होतं, आणि हौसिंगमधलं ९० नंबरचं ऑइल एक्सलच्या नळीतून हबात, हबातून ब्रेकच्या ड्रममध्ये येत होतं. ड्रम उतरवला तर लायनर तळलेल्या पापडासारखे तेलकट. भरलेला कांदा घेऊन त्या ब्रेकवर गाडी किती वेळा कसारा उतरली, ते मी मोजलं नाही.

बेअरिंग, सील आणि लायनर मिळून खर्च पहिल्या बिलाच्या पाव हिश्शाचाही झाला नाही. शिट्टीसाठी मात्र हौसिंग पुन्हा उतरवावं लागलं. चाचांनी तेलात शेंदूर कालवून क्राऊनच्या दातांना लावला आणि पिनियन फिरवलं. शेंदूर दाताच्या मधोमध पुसला जायला हवा, तो पार कडेला पुसला जात होता. पहिल्या गॅरेजने शिमा, म्हणजे फट जुळवायच्या पातळ चकत्या, न मोजताच जोडी बसवली होती. त्यात सगळा दिवस गेला.

आठ वर्षांपुढच्या ट्रकला दरवर्षी फिटनेस करावं लागतं. माझ्या गाडीचं झालेलं आहे, सर्टिफिकेट काचेवर आहे. परिवहन खात्याला विनंती एवढीच, की त्या वेळी मागची दोन्ही चाकं उचलून पहार लावून बघा आणि ड्रमच्या मागे तेलाचा ओघळ आहे का ते पाहा. दर चाकाला दोन मिनिटं लागतात. आणि माझ्यासारखे जे मालक स्टेअरिंगवर बसत नाहीत, त्यांनी टॉप-अपच्या नोंदी नीट वाचाव्यात. चक्कर मारल्याशिवाय कोणी हौसिंग खोलायला निघाला, तर गाडी तिथून काढावी.

परवा गाडी वाशीला पोचली. फोनवर मी भाव विचारायच्या आधी आवाजाचं विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, आता मागे फक्त ताडपत्री वाजते."

आपली,
एक ट्रकमालकीण, आडगाव, नाशिक