दहा दिवसांत आठ देश? त्यापेक्षा सहा रात्री लुब्लियाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंबा विक्रीच्या पट्ट्या, म्हणजे आडत्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, हातात पडू लागल्या की 'दहा दिवसांत आठ देश' छापाच्या सहलींची पत्रके आपल्या जिल्ह्यात घरोघर फिरू लागतात. त्या सहलीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. दोन दिवस विमानात जातात. उरलेल्या आठांत रोज सकाळी बॅगा हॉटेलच्या दारात आणून ठेवायच्या, चार-पाच तास बसमध्ये बसायचे, उतरून फोटो काढायचा आणि परत बसायचे. कणकवलीहून पनवेल गाठेपर्यंत अंगाची जी गत होते, ती रोज करून घ्यायला लाखांत पैसे मोजायचे. पहिल्यांदाच युरोपला निघालेल्या कोकणी कुटुंबाने एकच लहान राजधानी धरावी आणि तिथे सहा रात्री मुक्काम ठोकावा, असे आमचे मत आहे. ती राजधानी म्हणजे स्लोव्हेनियाची लुब्लियाना. (स्पेलिंगमध्ये दोनदा 'जे' येतो, त्याचा उच्चार 'य' करायचा.)

स्लोव्हेनियाचे क्षेत्रफळ २०,२७३ चौरस किलोमीटर आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे एकत्र केले तर साधारण तेवढेच भरतात. म्हणजे राजधानीत बिऱ्हाड ठेवून डोंगर, गुहा, तळे आणि समुद्र ही चारही ठिकाणे सकाळी निघून रात्री परत यावे अशा अंतरावर आहेत. शहराची वस्ती तीन लाखांच्या आत-बाहेर. नदीकाठचा जुना भाग गाड्यांना बंद असल्याने म्हाताऱ्यांचा आणि लहानग्यांचा हात धरून धावपळ करावी लागत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी 'कवालिर' नावाच्या विजेवरच्या छोट्या गाड्या त्या भागात फुकट फिरतात.

कधी जायचे, हे आपल्याकडे शाळेच्या सुट्टीपेक्षा बागेवर ठरते. जूनचा दुसरा पंधरवडा सोयीचा वाटतो खरा. आंबा संपलेला, लावणीला अवकाश आणि तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड. पण व्हिसाच्या बाजूने तोच काळ अडचणीचा आहे. जूनला निघायचे तर अर्ज एप्रिलच्या सुमारास जातो आणि त्याला जोडायचे बँकेचे उतारे जानेवारी ते मार्चचे असतात. त्या महिन्यांत बागायतदाराच्या खात्यातून फवारणी, राखण आणि खोके यांचा खर्च बाहेर जात असतो, आत काहीच येत नाही. उतारा पाहणाऱ्याला वाटते, या माणसापाशी पैसे नाहीत. मग कोणीतरी सुचवतो म्हणून भावाकडून चार लाख घेऊन आठवड्यापूर्वी खात्यात भरले जातात आणि संशय आणखी वाढतो.

त्यापेक्षा गौरी-गणपती आटोपले की निघावे. अर्ज जुलैत करता येतो, उताऱ्यात एप्रिल ते जूनची आवक दिसते. रोख मिळालेले पैसे एकगठ्ठा न भरता जसे आले तसे भरत जावे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवता येते, ते दाखवावे. सातबारा, आडत्याच्या पट्ट्या, कॅनिंगच्या पावत्या आणि सातबाराचे इंग्रजी भाषांतर असा गठ्ठा जोडला की घरी परत येण्यासारखे काहीतरी या माणसापाशी आहे हे आपोआप दिसते. व्हिसा देणाऱ्याला मुख्यतः तेच पाहायचे असते.

व्हिसाचे बाकीचे नियम थोडक्यात. स्लोव्हेनिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. जून २०२४ पासून प्रौढांना शुल्क ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचे शुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला लागतो. बोटांचे ठसे द्यायला बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतः जावे लागते, म्हणून घरातल्या सगळ्यांची वेळ एकाच दिवसाची घ्यावी.

अर्ज कोणाकडे करायचा, यात बरेच जण फसतात. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे पहिले पाऊल पडणार त्याच्याकडे, असा नियम आहे. 'अमुक देशाची तारीख लवकर मिळते, तिथल्या हॉटेलचे खोटे बुकिंग दाखवू' असे सांगणारा एजंट भेटला तर तिथूनच उठावे. विमानतळावर अधिकाऱ्याने मुक्कामाचे कागद मागितले तर उत्तर प्रवाशाला द्यायचे असते, एजंट इथे कुडाळात बसलेला असतो.

मुंबईहून लुब्लियानाला थेट विमान नाही. इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टला बदलून जाता येते. व्हिएन्नाचे तिकीट स्वस्त पडले तर तिथून ग्राझ, मारिबोरमार्गे रेल्वेने साधारण सहा तास लागतात. त्या वाटेवर सेमेरिंगचा घाट लागतो. १८५४ साली पुरा झालेला हा रेल्वेमार्ग जागतिक वारशात आहे, आणि कोकण रेल्वेचे पूल-बोगदे मोजत मोठे झालेल्यांनी तो दिवसाउजेडी पाहावा. आपल्या बाजूची खबरदारी अशी, की सप्टेंबरात कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर, म्हणजे सावकाश चालते आणि दरड आली की थांबते. मुंबईला एक रात्र आधीच पोहोचावे. मोपाहून विमानाने मुंबई गाठायची असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे असली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरी कंपनी पैसे परत करायला बांधील नसते.

गुरुवारी पोहोचावे आणि पुढच्या बुधवारी निघावे. वारांचा हा हट्ट उगाच नाही. शुक्रवारी बाजारालगतच्या चौकात 'ओदप्रता कुहना', म्हणजे उघडे स्वयंपाकघर, भरते. शहरातली हॉटेले तिथे आपापल्या चुली मांडतात. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालते, पाऊस असला की रद्द. आणि पाऊस तिथे असतोच. आपल्यासारखा चार महिने कोसळत नाही, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात अचानक येऊन अर्धा दिवस खातो. वाऱ्यात उलटणाऱ्या छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा. शनिवारी सकाळी भाजीबाजार भरात असतो. रविवारी दुकाने बंद असतात, २०२० पासून तसा कायदाच आहे. खाणावळी उघड्या असतात, पण दूध, पाव, फळे शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवावीत. सोमवारी बरीच संग्रहालये बंद, तो दिवस गावाबाहेर घालवावा.

शहर पाहायचे ते योझे प्लेचनिक या वास्तुविशारदाच्या मागोमाग. १८९५ च्या भूकंपात शहराची मोठी पडझड झाली. त्यानंतर जे उभे राहिले त्यातला ड्रॅगनचा पूल १९०१ चा, सिमेंट-काँक्रीटचा. प्लेचनिकने पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शहराला आजचा चेहरा दिला, आणि त्याच्या या कामाला २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. तिहेरी पुलापाशी थोडा वेळ उभे राहावे. मधला दगडी पूल १८४२ चा. वाहतूक वाढल्यावर तो पाडून रुंद करण्याऐवजी त्याने दोन्ही बाजूंना माणसांसाठी एकेक पूल तिरका जोडला आणि हे काम १९३२ पर्यंत पुरे केले. समोरच्या चौकात कवी फ्रान्स प्रेशेरेनचा पुतळा आहे. त्याची नजर जिच्यावर त्याचे एकतर्फी प्रेम होते त्या युलियाच्या दिशेने लावलेली आहे, समोरच्या घराच्या भिंतीवर तिची खिडकी कोरली आहे. राष्ट्रीय ग्रंथालयात काळपट चुनखडीच्या ३२ खांबांमधून वर चढणारा जिना आहे. वाचनकक्षात मात्र कधीही शिरता येत नाही, पर्यटकांच्या वेळा आधी पाहाव्यात.

किल्ल्यावर जायला बाजाराजवळून दोरखंडाची रेल्वे आहे, पायी गेले तर पंधरा मिनिटे. अंगणात जायला पैसे पडत नाहीत. आतली दालने पाहायची नसतील तर तिकीट काढू नये, वरून दिसणारे शहर फुकटच आहे.

शहर संग्रहालयातले एक चाक मात्र चुकवू नये. लुब्लियानाच्या दक्षिणेकडच्या दलदलीत २००२ साली सापडलेले, पाच हजार वर्षांहून जुने, आसासकट मिळालेल्या लाकडी चाकांत जगात सर्वांत जुने मानले जाते ते हेच. चाक अॅश नावाच्या झाडाचे, व्यास ७२ सेंटिमीटर. आस ओकची, सव्वा मीटरच्या आतबाहेर. दोन फळ्या आडव्या पट्ट्यांनी जोडून चाक केले आहे. जवळ जाऊन मधले भोक पाहावे, ते चौकोनी आहे. आपल्या बैलगाडीचा आस जागेवर राहतो आणि चाक त्याभोवती फिरते, इथे आस आणि चाक एकत्र फिरत. ज्यांनी लहानपणी गाडीच्या आसाला वंगण घातले आहे त्यांना हे चाक समजावून सांगायला गाइड लागणार नाही.

रविवारी पोस्टोयनाची गुहा. बसने तासभर लागतो, बस गावात सोडत असेल तर पुढे वीस-पंचवीस मिनिटे चालावे लागते. गुहेची लांबी २४ किलोमीटर. त्यातला थोडाच भाग दाखवतात, ३.७ किलोमीटर छोट्या आगगाडीने आणि थोडे पायी, एकूण दीड तास. हे रूळ १८७२ मध्ये घातले आणि तेव्हा डबे गाइडच ढकलत. आत बारमाही १० अंश तापमान असते, नुसत्या शर्टावर गेलेला कोकणी माणूस वीस मिनिटांत कुडकुडतो. आपला जांभा पाणी पोटात मुरवून घेतो, तिथला चुनखडी त्या पाण्यात विरघळत जातो, म्हणून असल्या गुहा तिथे होतात. असल्या विरघळणाऱ्या खडकाच्या प्रदेशाला भूशास्त्रात 'कार्स्ट' म्हणतात, तो शब्दच तिथल्या क्रास पठारावरून आला आहे. प्रोटियस हा गुहेतल्या पाण्यात राहणारा आंधळा, फिकट गुलाबी उभयचर प्राणी तिथल्या टाकीत दिसतो, त्याच्यावर फ्लॅश मारू नये. श्कोत्सियानची गुहा याहून रौद्र आहे, आत नदी वाहते, पण पायऱ्या पाचशेच्या घरात. गुडघे चांगले असतील तरच तिकडे वळावे.

सोमवारी ब्लेड. इथे बसनेच जावे. रेल्वेचे 'लेस्त्से-ब्लेड' स्थानक तळ्यापासून चार किलोमीटर दूर आहे, आणि नाव वाचून उतरलेली माणसे तिथे बॅगा घेऊन बसची वाट पाहत राहतात. तळ्याची फेरी सहा किलोमीटरची. बेटावर 'प्लेत्ना' नावाच्या सपाट तळाच्या होड्या नेतात, वल्हवणारा उभ्याने दोन वल्ही मारतो. रोख पैसे जवळ ठेवावेत. बेटावर ९९ पायऱ्या आहेत. तिथला क्रीमचा केक प्रसिद्ध आहे, पण त्यात अंडी असतात.

मंगळवारी पिरान, अडीच तासांवर. अख्ख्या देशाला समुद्रकिनारा जेमतेम ४७ किलोमीटर, एकट्या सिंधुदुर्गाला १२१. तरीही जावे, कारण जवळच सेचोवल्येची मिठागरे आहेत आणि शिरोड्याचे मिठागर ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिथे फरक कळेल. आपल्याकडे मीठ चोपलेल्या चिखलाच्या वाफ्यात पिकते आणि थोडी माती घेऊनच वर येते. तिथे वाफ्याच्या तळाशी शेवाळ, जिप्सम यांचा काही मिलिमीटरचा थर मुद्दाम जोपासतात. त्याला 'पेतोला' म्हणतात. मीठ मातीला शिवतच नाही, पांढरे निघते. ही रीत १४व्या शतकात आजच्या क्रोएशियातल्या पाग बेटावरून आली. मीठ ओढण्याचे काम उन्हाळ्यात चालते. सप्टेंबरअखेर वाफे दिसतील, माणसे वाफ्यात उतरलेली बहुधा दिसणार नाहीत.

खाण्याचे हाल होत नाहीत. चीज घातलेला बुरेक, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ, आणि 'श्त्रुक्ली' ही गुंडाळी शाकाहारी मिळते. सूपात मात्र मांसाचा अर्क असतो, 'ब्रेझ मेसा', म्हणजे मांस नको, हे दोन शब्द पाठ करावेत. मासळीचा बाजार प्लेचनिकच्या कमानींखाली, नदीच्या पातळीला आहे. तळलेले माकूल सगळीकडे मिळते, लिंबू-लसणीचे, आपले तिखट घरून न्यावे. नळाचे पाणी बेलाशक प्यावे. शहर बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, 'उर्बाना' कार्ड किंवा बँकेचे टॅप होणारे कार्ड लागते. एका तिकिटावर ९० मिनिटे बस बदलता येते. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर तिथे बसतो, तीन पिनांचा नाही. मुक्कामाच्या भाड्यावर माणशी, रोजचा पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो.

राहिले घरून न्यायचे सामान. युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, तूप नाही. हापूसची पेटी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेली तर विमानतळावरच काढून घेतात. त्या प्रमाणपत्रातून सूट फक्त केळी, अननस, खजूर, ड्युरियन आणि नारळ या पाच फळांना आहे. तेव्हा कोणाकडे काही न्यायचेच तर असोला नारळ न्यावा. सुके खोबरे नको, तेलामुळे ते पेट घेऊ शकते म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही.

आपले नियमित वाचक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग