बाबांची हजेरी आणि आईच्या गोळ्या

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर तुमची जुंपलेली ऐकली. तेव्हा मध्ये पडले नाही, म्हणून आता लिहितेय.

बाबा, "गोळी घेतलीस का?" असं सारखं विचारलं की आईला हजेरी घेतल्यासारखं वाटतं. मग ती न घेताच "हो" म्हणून मोकळी होते. त्यापेक्षा रविवारी दोघांनी बसून सकाळ-रात्रीच्या कप्प्यांचा डबा भरा. कप्पा रिकामा दिसला की विचारायलाच नको. थायरॉइडची गोळी मात्र डब्यात नको, ती बाटलीतच आईच्या उशाशी, तांब्याजवळ ठेवा. उठल्याउठल्या उपाशीपोटी घ्यायची आणि चहा अर्ध्या-पाऊण तासानंतर. कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तास तरी नको. ती दुपारच्या जेवणाबरोबर बरी.

आई, बीपी नॉर्मल आलं म्हणून तू गोळी सोडलीस म्हणे. अगं, ते गोळीमुळेच तर खाली आलं! बंद करायची की कमी, ते डॉक्टरांना ठरवू दे. आणि नळाला पाणी आलं की तू हंडे-बादल्या भरणार आणि तश्शीच येऊन बीपी मोजायचा पट्टा बांधणार. आधी पाच मिनिटं पाठ टेकून बस. पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि तोंड बंद. (बाबा, तेवढा वेळ राजकारण काढू नका.)

शेंगाचटणी सोड असं म्हणणार नाही, सोलापुरात ते कोण ऐकतंय! पण दिवसभराचं मीठ सगळं मिळून चहाचा एक छोटा चमचाभर, त्यात चटणी, लोणचं, पापड सगळं आलं. कुटतानाच मीठ निम्मं घाल.

आता हजेरी मास्तरांची. बाबा, उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि तुमचं इन्सुलिनचं चालू पेन खिडकीत! ते ३० अंशांच्या आत राहायला हवं. नवीन पेनं फ्रीजमध्ये, पण फ्रीजरमध्ये कधीच नाही. सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जाताना खिशात ग्लुकोज ठेवा. घाम फुटला, हात थरथरले तर तीन चमचे घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा. आणि एकादशी धरायची असेल तर डोसचं आधी डॉक्टरांना विचारा.

पुढच्या तपासणीला मी येतेय. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत काढून ठेवा, चूर्णासकट. शेजारच्या काकूंनी दिलेली गुडघेदुखीची गोळीसुद्धा, आई. तसल्या काही गोळ्यांनी बीपी वाढतं.

तुमची,
ताई