थ्रॉटल बॉडी 'बोअर' केल्याने इंजिनाची ताकद वाढते का?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरविरुद्ध शहरात अधूनमधून मोहीम होते. पण ज्या बदलाला आवाज नाही आणि जो बाहेरून दिसतही नाही, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. दुचाकीची थ्रॉटल बॉडी लेथवर 'बोअर' करून, म्हणजे तिचे हवेचे छिद्र मोठे करून देण्याचा प्रकार आता सोलापुरातही सुरू झाला असून, 'पिकअप वाढतो' एवढ्या एका आश्वासनावर तरुण मुले चांगली चालणारी गाडी खोलायला देत आहेत. त्यामागचे तंत्र पालकांना आणि मिस्त्रींनाही कळावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

एअर फिल्टरमधून आलेली हवा थ्रॉटल बॉडीतून इंजिनात जाते आणि मूठ पिळली की तिच्यातील बटरफ्लाय ही गोल झडप उघडते. समजा, 28 मिलिमीटरचे छिद्र 30 मिलिमीटरचे केले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे 15 टक्क्यांनी वाढते. हा हिशेब बरोबर आहे; त्यावरून ताकदही तेवढी वाढेल हे मात्र खरे नाही. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढते, त्यामुळे 150 सीसीचे इंजिन मिनिटाला 8000 फेऱ्या फिरले तरी ढोबळमानाने 600 लिटरच हवा घेऊ शकते. ती किती भरायची हे सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट मिळून ठरवतात. मूळ छिद्रातून तेवढी हवा विनासायास जात असेल, तर ते रुंद करून हाती काहीच लागत नाही.

मग मुलांना फरक जाणवतो तो का? छिद्र मोठे झाल्यामुळे मूठ तेवढीच पिळली तरी पूर्वीपेक्षा जास्त हवा आत जाते. पूर्वी अर्ध्या मुठीवर जे मिळत होते ते आता त्याच्या आधीच मिळते, म्हणून सात रस्त्याच्या सिग्नलवर गाडी उसळल्यासारखी वाटते. पूर्ण मुठीवर, मोकळ्या होटगी रस्त्यावर, टॉप स्पीड जवळपास होता तेवढाच राहतो.

खरा धोका इंधनाच्या प्रमाणात आहे. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाची बीएस-6 मानके लागू झाली आणि बहुतेक दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन प्रणाली आली. कार्ब्युरेटरच्या काळात मिस्त्री जेट (पेट्रोलची बारीक तोटी) बदलून, स्क्रू फिरवून हवा-पेट्रोलचे मिश्रण जुळवीत असत आणि त्यात आपले मिस्त्री वाकबगार होते. आता तो हिशेब ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, करतो. अनेक दुचाक्यांत, विशेषतः मूठ बरीच उघडल्यावर, झडप किती उघडली आणि इंजिन किती वेगाने फिरते यावरूनच तो पेट्रोल सोडतो. छिद्र वाढवल्याचे त्याला कोणी सांगितलेले नसते. हवा जास्त जाते, पेट्रोल मात्र त्याच्यात भरलेल्या जुन्याच तक्त्याप्रमाणे पडते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. धुरातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर हलक्या भारावर ही चूक सावरून घेतो. पण पूर्ण भारावर सहसा त्याचे ऐकलेच जात नाही. म्हणजे जिथे सांभाळायला हवे तिथेच इंजिन तापते आणि ठोके देऊ लागते. पारा 42 अंशांवर गेलेल्या आपल्या उन्हाळ्यात पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याचा धोका त्यामुळे आणखी वाढतो.

लेथवरचे कामही वाटते तितके सोपे नाही. यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या आपल्या कारागिरांच्या हाताला सफाई आहे, याबद्दल वाद नाही. पण बटरफ्लाय बंद स्थितीत किंचित तिरकी बसते आणि तिच्या कडा त्या कोनात घासलेल्या असतात. छिद्र वाढवले की तीही नव्याने करावी लागते. ती सैल झाली तर आयडलिंग, म्हणजे मूठ सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, चढते. घट्ट झाली तर अडकते, आणि अडकलेली झडप म्हणजे मूठ सोडूनही न उतरणारी रेस. झडपेचे बारीक स्क्रू मूळ जोडणीत टोके ठेचून पक्के केलेले असतात. ते नीट न बसवल्यास एखादा थेट इंजिनात जाऊ शकतो.

शर्यतीच्या गाड्यांत हा बदल करतात, हे खरे. परंतु तिथे हेड, व्हॉल्व्ह, कॅम आणि इंजेक्टर बदलून, डायनॅमोमीटरवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) ईसीयूचा तक्ता नव्याने बसवला जातो. त्यातले एकच काम उचलून चौकातल्या गॅरेजमध्ये करणे म्हणजे निव्वळ खर्च.

पीयूसीत हे सापडेल, अशीही आशा नको. दुचाकीची ती तपासणी आयडलिंगवर होते. पातळ मिश्रणामुळे वाढणारे नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. छिद्राचा व्यास नोंदणीपुस्तकात नसतो, ही पळवाट सांगितली जाते. पण वाहनाला मान्यता मिळते ती प्रदूषणाच्या कसोटीसह, हे विसरता येत नाही.

पिकअप कमी झाल्याची तक्रार असेल, तर आपल्या धुळीत आधी एअर फिल्टर पाहावा, थ्रॉटल बॉडीतील काजळी योग्य स्प्रेने साफ करून घ्यावी, प्लग आणि चेन तपासावी. बऱ्याच गाड्यांचे दुखणे एवढ्यावरच जाते. शहरातील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने गॅरेजचालकांसाठी इंजेक्शन प्रणालीचे अल्पमुदतीचे वर्ग घ्यावेत आणि ते रविवारी ठेवावेत, कारण इतर दिवशी गॅरेज बंद ठेवणे कोणाला परवडणार नाही. परिवहन कार्यालयानेही अशा बदलांबाबत काय चालते आणि काय चालत नाही, याचा मराठीतील फलक पीयूसी केंद्रांवर लावावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर